एक्केचाळीस नंबरचं पाकीट

"ह्या पेटीचं बी तिकीट काढलंय का?"

मी खिडकीतून डोकं आत घेतलं. दौंडहून सुटलेली शिरूरची एसटी न्हावऱ्याला आणखी भरली होती, आणि माझ्या शेजारच्या सीटवर माझी काळी पेटी ऐसपैस बसली होती. समोर एक उंच, सावळा तरुण उभा. एका हातात दुधाची रिकामी किटली, दुसरा हात वरच्या दांडीला.

"नाजूक आहे ती. मांडीवर मावत नाही," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"मंग मी उभाच ऱ्हातो. बसू द्या तिला." तो हसला. "पण आत हाय काय? हार्मोनियम?"

"इको मशीन. हृदय बघायचं."

"आरं तिच्या!" त्यानं पेटीकडं नीट वाकून पाहिलं. "मंग तर बसूच द्या. वळखीची हाय माझ्या."

आता बघा, मला लहानपणापासून एक वाईट खोड आहे. बंद डबा दिसला की आत काय आहे ते कळल्याशिवाय माझा जीव राहत नाही. आई म्हणते, म्हाळसा, तुला देवानं नाक दिलं ते खुपसायलाच. हा किटलीवाला माझ्या पेटीला कसा काय ओळखतो? विचारणारच होते... पण शिरूर आलं, आणि गर्दीत तो कुठं गडप झाला कळलंच नाही.

कळलं ते तासाभरानं. आमच्या केंद्रात मी चौथ्या माणसाला हाक मारली, "नंबर एक्केचाळीस!" आणि किटली बाकाखाली सरकवत तोच उठला.

"बिरदेव," तो म्हणाला. "पेटी सुखरूप पोचली न्हवं?"

आमचं केंद्र म्हणजे शिरूरच्या जुन्या चर्चमागच्या दोन खोल्या. काम एवढंच, की हृदयात बसवलेल्या झडपा कशा चालल्यात ते मोजायचं. अडीचशे माणसं होती आमच्या यादीत. अर्ध्यांच्या छातीत गायीच्या हृदयाभोवतीच्या पातळ पडद्यातून शिवलेली झडप, अर्ध्यांच्या छातीत डुकराच्या हृदयातली आयती झडप. दोन्हींतली जास्त कुठली टिकते, हे दहा वर्षं बघायचं. आणि त्यातली गंमत अशी की कुणाला कुठली बसवलीय हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. ज्याच्या छातीत आहे त्यालाही नाही! कुणाचं मन एकीकडं झुकायला नको म्हणून. प्रत्येकाला एक सीलबंद पाकीट दिलेलं असतं. आत खरं काय ते लिहिलेलं. जिवावरचा प्रसंग आला तरच फोडायचं, नाहीतर दहा वर्षं पुरी झाल्यावर.

माझ्यासारखीला असल्या नोकरीवर ठेवायचं म्हणजे मांजराला दुधापाशी बसवण्यासारखंच होतं.

आमच्या प्रमुख लिडिया मॅडमचा पहिला नियम: माणसाला आधी दहा मिनिटं शांत, गप्प पडून राहू द्यायचं, मगच मोजायचं. बिरदेव टेबलावर आडवा झाला. मी घड्याळ लावलं. अर्धं मिनिट झालं असेल नसेल...

"मॅडम, तुमाला काय वाटतंय? माझी कुठली असंल?"

"बोलायचं नाही."

"बरं." थोडा वेळ गेला. "आई म्हणती गायीचीच. आमच्या घरात सात गाया हायत, गायीनंच लेकराला जीव दिला म्हणती. रोज पहिली भाकरी गायीला."

"आणि डुकराची निघाली तर?"

तो छताकडं बघत हसला. "म्हणून तर दुसरी भाकरी काढती. उसाच्या कडंला ठिवायची. रानडुकरं येत्यात तिथं. समदं गाव फटाके वाजवून हाकलतंय, आन् आमची आई म्हणती, खबरदार! आपलं पावणं बी असतील."

मी इतकी हसले की मला टेबलाला हात टेकावा लागला. दहा मिनिटं कधी संपली कळलं नाही. त्याच्या छातीवर जेली लावली तसा तो "गार हाय की ओ!" म्हणून दचकला. पडद्यावर त्याची झडप उघडत मिटत होती, तीन पाकळ्यांची, नेमानं. गायीची असो की डुकराची, पडद्यावर सारखीच दिसते. झडपेच्या अलीकडं पलीकडं दाबात किती फरक पडतो ते मी मोजलं. बारा. मागच्या खेपेला, मी इथं लागायच्या आधी, अकरा होता. म्हणजे झकास.

"वीसच्या वर गेलं की काळजी," मी सांगितलं. "मग पुण्याला पाठवतो."

"ठावं हाय." त्यानं शर्टाची बटणं लावली. "बारीकपणी ताप आला, त्यानं मूळची झडप खराब केली. तेविसाव्या वर्षी ही बसवली. डॉक्टर म्हनले, धातूची घे, जन्मभर टिकंल, पण रगत पातळ करायच्या गोळ्या रोज खाव्या लागत्याल. मी म्हनलं, आवं, हातात कोयता, गोठ्यात शिंगं... जरा लागलं तर रगत थांबायचं न्हाई. मंग ही घेतली. धा वर्षं, पंधरा वर्षं. पुढचं पुढं."

हे सगळं त्यानं इतक्या सहज सांगितलं, की मलाच कसंतरी झालं.

नियमाप्रमाणं तो तीन महिन्यांनीच यायला हवा होता. पण पुढच्याच आठवड्यात तो न्हावऱ्याच्या कोंडिबा आबांना मोटरसायकलवर घेऊन हजर. आबांचाही नंबर आमच्या यादीत होता. मग केंदूरच्या एक आजी. मग आणखी कुणीतरी. ज्यांना एकट्यानं यायला जमत नाही त्या सगळ्यांची ने-आण त्यानं आपल्या अंगावर घेतली. त्याच्या अंगाचा साय आणि हिरव्या चाऱ्याचा वास मला ओळखता येऊ लागला. दारात मोटरसायकल थांबली की मी उगाच केस सारखे करायची.

"मॅडम, एक शंका," तो दारातूनच सुरू व्हायचा. त्याच्या शंका मला फार आवडायच्या. डुकराचं हृदय माणसाएवढंच असतं का? पडदा शिवतात तर दोरा कसला? माणसाचं अंग त्या परक्या जिनसाला हाकलून कसं देत न्हाई?

"औषधात मुरवून त्यातलं परकेपण काढून टाकतात," मी सांगितलं एकदा.

"किती दिस लागत्यात?"

"कशाला?"

"परकेपण जायला," तो म्हणाला, आणि माझ्याकडं बघितलं... मग पटकन किटलीकडं.

कोंडिबा आबा बाकावरून खाकरले. "पोरी, माझी काय ती मोज. ह्याचं चालू दे निवांत."

जूनमध्ये त्याचा आकडा पंधरा आला. मी मनात म्हटलं, असू दे. सप्टेंबरमध्ये अठरा. त्या दिवशी दहा मिनिटांत तो मला सांगत होता की घोडनदीच्या काठी इनामगावला जुनी मातीची भांडी कशी सापडली, आणि "तुमाला दाखवायला नेऊ का?" असं विचारता विचारता त्याचे कान लाल झाले होते. मी "बघू" म्हणाले. "बघू" म्हणजे हो असतं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. पण तो गेल्यावर मी आकड्यांकडं बघत बसले. बारा, पंधरा, अठरा. मला रात्री जेवण गेलं नाही.

खरं सांगायचं तर तोवर मी पुरती अडकले होते. डिसेंबर यायची मी एकीकडं वाट बघत होते, आणि एकीकडं तो येऊच नये असं वाटत होतं.

आला. नवा शर्ट घालून आला, इस्त्रीचा.

"आज आकडा बरा आला तर एक इचारायचं हाय," टेबलावर पडता पडता तो म्हणाला.

"काय?"

"आधी आकडा."

त्या दहा मिनिटांत तो एक शब्द बोलला नाही. पण नुसता माझ्याकडं बघत होता, आणि मी उगाच वायरी सरळ करत होते. मग मशीनचा प्रोब छातीवर ठेवला. तेवीस. पुन्हा मोजलं. बावीस. पुन्हा, तेवीस. नियम असा, की तीनदा मोजायचं आणि सरासरी लिहायची. मी चौथ्यांदा मोजलं. पाचव्यांदा. सहाव्यांदा हात जरा तिरका झाला, आणि एकोणीस आला. मी एकोणीस लिहिला.

"किती?" त्यानं विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले.

त्याचं तोंड असं फुललं! "मंग इचारू?"

"आज नको," मी म्हणाले. "प्लीज, बिरदेव... आज नको."

तो गेला. किटली विसरून गेला. मी त्या कागदावरच्या एकोणीसकडं बघितलं आणि मला माझी स्वतःची भीती वाटली. ज्या माणसाला जगवायचंय, त्याचाच आकडा मी खोटा लिहिला होता. का? तर मला तो खरा असायला नको होता. बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिडिया मॅडमच्या समोर उभी राहिले.

"एक्केचाळीस नंबरचा आकडा चुकीचा आहे. तेवीस होता. मी एकोणीस लिहिला."

मॅडमनी चष्मा काढला. "का?"

"मला त्याचा आकडा वाईट यायला नकोय."

"बाकीच्यांचा आलेला चालतो?"

"वाईट वाटतं, मॅडम. पण लिहिते."

त्यांनी कपाटातून एक फॉर्म काढून माझ्यापुढं सरकवला. मोजणारा बदलण्याचा. "कारण लिही. खरं लिही."

मी लिहिलं: "या व्यक्तीबाबत माझं मन तटस्थ राहिलेलं नाही."

"हा पुण्याच्या ऑफिसात जातो, मुली. तिथं सगळे वाचतात."

"वाचू देत," मी म्हणाले.

न्हावऱ्याच्या दूध संकलन केंद्रावर तो रांगेत उभा होता. विसरलेली किटली मी त्याच्या हातात दिली.

"ही द्यायला इतक्या लांब?"

"नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी." आणि सगळं सांगून टाकलं. तेवीस, एकोणीस, फॉर्म. "आता तुम्हाला दौंडच्या केंद्रात जायचंय. तिथले गिदोनदादा मोजतील. मी मोजणार नाही."

तो किटलीचं झाकण उघडत राहिला, लावत राहिला. "म्हंजी झडप कामातनं गेली का माझी?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही."

"आन् तुमी का न्हाई मोजणार?"

"कारण मला आता तुमचं मोजता येत नाही. माझा हात खोटं बोलतो."

हे ऐकून तो खूश होईल असं मला वाटलं होतं. तो रांगेतून बाजूला झाला, आणि हळूच म्हणाला, "बरं झालं इचारलं न्हाई काल. पुन्यांदा छाती उघडायची वेळ आली तर... तुमाला कशापायी त्यात ओढायचं? तुमी शिकलेल्या, चांगलं स्थळ..."

मला असा राग आला! "मला कशात ओढायचं ते मी ठरवीन. तुम्ही कोण ठरवणारे? सात गायींना विचारून त्यांना दावणीला बांधता का? मग निदान मला तरी विचारा!"

सगळी रांग आमच्याकडं बघायला लागली. मी तशीच वळले आणि मिळेल त्या गाडीनं दौंडचं घर गाठलं.

बुधवारी तो दौंडला आला. मी गिदोनदादांच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. आत जायची मला मनाईच होती. रेल्वे कॉलनीत वाढलेली मी, गाड्यांच्या आवाजानं मला कधी काही होत नाही, पण त्या दिवशी दर भोंग्याला छातीत धस्स होत होतं. वाईट आकडा आला तर? पुण्याला जाऊ. आणखी वाईट आला तर? तरी जाऊ. मनात मी कधीपासून "जाऊ" म्हणत होते, एकटीच.

दार उघडलं. गिदोनदादांच्या कपाळावर आठी.

"म्हाळसा, तुझा आकडा किती होता?"

"तेवीस."

"माझा तेरा आलाय. तीनदा तेरा." त्यांनी कागद पुढं केला. "तू मोजायला चुकणारी नाहीस. मग हे काय? ये बरं जरा आत. मशीनला हात लावायचा नाही, नुसती उभी राहा."

मी आत गेले. बिरदेव टेबलावर पडला होता. मला बघून त्यानं मान वळवली, मग पुन्हा बघितलं. भांडण झाल्यापासून आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर होतो.

"आलात?" एवढंच म्हणाला.

"आले," मी म्हणाले.

गिदोनदादांनी प्रोब ठेवला. पडद्याकडं बघितलं. त्यांची आठी आणखी घट्ट झाली. "अठरा... वीस... बावीस." ते पडद्याच्या कोपऱ्यात वाकून बघायला लागले. "बाहेर जा गं."

मी गेले. दहा मिनिटं गेली.

"चौदा! ये आत."

आले.

"एकवीस! कमाल आहे." त्यांनी प्रोब खाली ठेवला आणि दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "मागचे सगळे कागद काढ. आकडा नको वाचूस, नाडीचा रकाना वाच."

नाडीचा रकाना मशीन आपलं आपण भरतं. नऊ महिन्यांत मी तो एकदाही वाचला नव्हता. आता वाचला. मार्चमध्ये शहात्तर. जूनमध्ये नव्वद. सप्टेंबरमध्ये एकशेदोन. डिसेंबरमध्ये, त्या इस्त्रीच्या शर्टात, एकशेअठरा.

"हृदय पळायला लागलं की रक्त जोरात जातं, आणि दाबातला फरक वाढतो. झडप ठणठणीत असली तरी," दादा म्हणाले. "पहिल्या आठवड्यात शिकवतो आपण हे. म्हणून दहा मिनिटं शांत पडू द्यायचं. दिलंस कधी शांत पडू?"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. नऊ महिने मी एका धडधाकट झडपेची काळजी करत होते. आणि आकडा वाढत होता तो... तो भलत्याच कारणानं.

"आता समजलं," बिरदेव टेबलावरून म्हणाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "मी तर समजत व्हतो, मी लई चांगलं लपवलंय."

मी हसले, आणि हसता हसता रडायलाच आलं. गिदोनदादा "चहा सांगून येतो" म्हणाले आणि गेले ते बराच वेळ आले नाहीत.

"इचारू?" तो म्हणाला.

"नाही," मी डोळे पुसले. "छातीला जेली लावून कुणी विचारतं का? घरी विचार."

तोंडातून "विचार" गेलं, "विचारा" नाही. ते दोघांनीही ऐकलं.

पुढच्या रविवारी मी न्हावऱ्याला गेले. त्याच्या आई गिताबाई, ठेंगण्या, चटपटीत, चुलीपुढून उठल्याच नाहीत. मला आपादमस्तक बघून म्हणाल्या, "तूच का ती, माझ्या लेकाचा आकडा वाढवणारी?" म्हणजे घरात सगळं सांगून झालं होतं!

देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ते पाकीट होतं. लाखेचं सील, वर हळदकुंकवाचे डाग, एक्केचाळीस नंबर. सहा वर्षं जपलेलं. माझी बोटं शिवशिवली. मी आता त्याला मोजत नाही, मग मला कळलं तर बिघडतं कुठं?

"फोडायचं न्हाई," तो मागून म्हणाला. "गिदोनदादा मोजत्यात अजून. आन् त्यांना कळलं न्हाई पायजे, मलाबी न्हाई. चार वर्षं ऱ्हायली."

"चार वर्षं!" मी कळवळून म्हणाले. "मला नाही दम निघणार."

"तेच म्हणतोय मी." तो माझ्यासमोर आला. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "खरं बोलतो. आज तेरा हाय. कवातरी वाढंलच. ही झडप जन्माची न्हाई, तुला ठावं हाय, माझ्यापरीस जास्त. तवा बी तू असशील का? चार वर्षांनी हे फोडताना, आन् त्याच्या पुढं बी... म्हाळसा, ऱ्हाशील ह्या घरात?"

मी सगळा विचार करून ठेवला होता. सांगणार होते की हल्ली जुन्या झडपेच्या आतच नवी बसवता येते, मांडीतल्या शिरेतून, बऱ्याच जणांना छाती उघडावी लागत नाही. आकडे सांगणार होते. त्यातलं एकही आठवलं नाही.

"राहीन," मी म्हणाले. "मला तू हवा आहेस. झडप कुठली का असेना."

चुलीकडून भांडं वाजलं. गिताबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली, बाजूला ठेवली. ती गायीची. मग दुसरी उतरवली, फुंकून गार केली, आणि पदरानं डोळे पुसत माझ्या हातात दिली.

"ही उसाच्या कडंला ठिवून ये," त्या म्हणाल्या. "आजपास्नं हे काम तुझं. आन् तिथं आरडाओरडा करू नगंस, भित्यात ती."

आम्ही दोघं बांधावरून गेलो. थंडी होती, ऊस माथ्यावर गेला होता. कडेच्या सपाट दगडावर मी भाकरी ठेवली. आत कुठंतरी पाचोळा वाजला, आणि आम्ही दोघंही श्वास धरून उभे राहिलो. त्यानं माझा हात धरून आपल्या शर्टावर ठेवला, डाव्या बाजूला. खाली केवढी धडधड चालली होती!

मी एकही ठोका मोजला नाही.